किल्ली ज्याच्या कमरेला

फोन वाजला तेव्हा पाटकरी जेवायला बसला होता. उजवा हात खरकटा, म्हणून त्याने डाव्या हाताने फोन कानाला लावला आणि तोंडातला घास गालात सारला.

"बोला साहेब."

साहेब पलीकडून काय म्हणाले ते घरात कुणाला ऐकू आलं नाही, पण त्याची गरजही नव्हती. पाटकऱ्याने सगळं परत म्हणून दाखवलं. "डाव्या चारीचं गेट चार बोटं उचलायचं. आधी चारीत माणूस, जनावर नाही ते बघायचं, मग उचलायचं. बरोबर?"

तिकडून 'बरोबर' आलं. मगच त्याने फोन खाली ठेवला, हात धुतला आणि कमरेची किल्ली चाचपत बाहेर गेला. ताटातलं तसंच राहिलं. खाटेवर बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या बापाने समाधानाने मान हलवली. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, पण कानाने तो अजून नोकरीतच होता.

पाणी सोडून पाटकरी परत आला, तर बायको वाढायला बसलेलीच.

"भाजी वाढू?"

"भाजी वाढायची."

"थोडी की भरपूर?"

"थोडी नाही, भरपूर वाढायची."

"बरोबर," बायको म्हणाली आणि हसू दाबत डाव भाजीत घातला. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, नवऱ्याला ऐकायला कमी येतं. महिनाभर ती बिचारी घसा फोडून बोलत होती. नंतर कळलं की ही सगळी पाटावरच्या गेटची सवय आहे.

गेटची ही रीत कुठल्या सरकारी पुस्तकात नव्हती. ती म्हाताऱ्याने घातली होती. तो तरुणपणी ह्याच गेटवर लागला, तेव्हा वरच्या गेटवरच्या एका उतावळ्याने अर्धाच हुकूम ऐकून चाक फिरवलं होतं. खाली चारीत, पाटातून शेतांकडे फुटणाऱ्या लहान कालव्यात, गाळ काढणारी माणसं उभी होती. बाकीची कशीबशी काठाला लागली, एकाला मात्र पुढच्या पुलाखालून काढावं लागलं. काढणाऱ्यांत म्हातारा होता. त्या दिवसापासून त्याने ठरवलं, किल्ली ज्याच्या कमरेला त्याने कानावर पडलेलं पुरं परत म्हणायचं, समोरच्याकडून 'बरोबर' घ्यायचं, मग चाकाला हात लावायचा. पाटावरच्या सगळ्या गेटवाल्यांनी हळूहळू तेच उचललं. किल्ली हातातून हातात जाताना गेट कुठे आहे, पाणी किती आहे तेही असंच सांगायचं आणि परत म्हणून घ्यायचं. म्हाताऱ्याचे डोळे काचबिंदूने गेले तशी किल्ली मुलाच्या कमरेला आली आणि किल्लीबरोबर जीभही आली म्हणायची.

डोळे गेले तरी म्हातारा बसून राहिला नव्हता. क्वार्टरच्या दोन खोल्या त्याच्या तळहाताला पाठ होत्या. खाटेवरून उठायचं, भिंतीवरून हात फिरवत दाराच्या चौकटीला यायचं, चौकट सोडली की कपडे वाळवायची तार, तार संपली की पाटाचा लोखंडी कठडा. कठड्याला धरून तो गेटपाशी जायचा, तिथल्या दगडी कट्ट्यावर बसायचा. दिवसातून कितीदा तरी ही त्याची फेरी व्हायची आणि कुणी हात धरायला गेलं तर त्याला राग यायचा.

यंदा धरणातच पाणी कमी होतं. पाण्याची पाळी लांबली होती आणि पाटाच्या शेवटाकडची गावं तर वाट बघून थकली होती. त्या शेवटाकडच्या गावांची भाषा वेगळी. तिकडून बाया-माणसं चारीतलं गवत कापत, गाळ ओढत वरपर्यंत यायची, पाणी कधी येणार म्हणून विचारायची. पाटकरी हातवारे करून, चार मोडके शब्द जोडून काहीबाही सांगायचा. त्यातलं काय पोचायचं आणि काय नाही, देव जाणे. त्यांनी वर तक्रार केली की आमचं कुणाला कळतच नाही. तक्रार खोटी नव्हती. मग सरकारने काढला हुकूम, पाटावरच्या प्रत्येक नोकराने दुसरी भाषा शिकायची आणि तिची परीक्षा द्यायची. इथवर सरकारचं काही चुकलं असं आम्हीही म्हणणार नाही.

"तीनदा संधी आहे," साहेबांनी फोनवर सांगितलं. "तिसऱ्यांदा नापास झालास तर शहरातल्या गोदामात बदली. क्वार्टर सोडावं लागेल."

पाटकऱ्याने हेही इमानदारीने परत म्हटलं. "तिसऱ्यांदा नापास झालो तर गोदामात बदली. क्वार्टर सोडायचं. बरोबर?"

"बरोबर," साहेब जरा ओशाळून म्हणाले.

खाटेवरच्या म्हाताऱ्याने ते ऐकलं.  तो उठला, भिंतीवरून हात फिरवत चौकटीपाशी गेला आणि चौकट धरून बराच वेळ उभा राहिला.

शिकवणी तालुक्याच्या कचेरीत वरच्या मजल्यावर भरायची. पाळी सुरू असली की नेमका शिकवणीचा दिवस यायचा. बदली माणूस मिळत नव्हता, म्हणून पाटकरी पहाटे उठून गेट लावायचा, चाकाला साखळी घालून कुलूप ठोकायचा, किल्ली कमरेला बांधून बसने जायचा आणि दुपारी उन्हातून परत यायचा. तोवर गेट हलवायचं नाही, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. पाण्याला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. एकदा तो परत आला तर वरून पाणी वाढून पाट काठोकाठ आलेला आणि बायको काठावर उभी राहून भरावाच्या फटीत मातीच्या पाट्या ओतत होती. तिचे हात कोपरापर्यंत चिखलाने माखले होते. त्याने न बोलता कुलूप काढलं, चाक फिरवलं आणि मग तिच्या हातातली पाटी घेतली.

"काय शिकवलं आज?" तिने श्वास घेत विचारलं.

"आज काय शिकवलं? हॉटेलात खोली कशी मागायची ते."

"अगबाई. कुठे निघालो आपण?"

पुस्तकच तसं होतं. पहिला धडा विमानतळावर, दुसरा हॉटेलात, तिसऱ्यात कुणीतरी कुणाला तरी अध्यक्षपदाबद्दल शुभेच्छा देत होतं. बाकांवर सगळे पाटावरचे, रस्त्यावरचे, जंगलखात्यातले लोक, गुडघे बाकात मावत नव्हते. शिकवायला एक तरुण बाई होत्या. त्यांचीही नोकरी कंत्राटी, पुढच्या वर्षी असेल की नाही त्यांनाच माहीत नव्हतं. पाटकऱ्याने एकदा धीर करून हात वर केला.

"बाई, 'पाणी सोडतोय, बाजूला व्हा' हे कसं म्हणायचं?"

बाईंनी पुस्तक चाळलं. "पुस्तकात नाही हो हे."

"पण आम्हाला तेच लागतं."

 बाईंनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि फळ्यावर ते वाक्य लिहिलं. त्याखाली 'पाळी कधी येईल', 'चारी कुठे फुटली', 'घाबरू नका' असं सगळं लिहीत गेल्या. परीक्षेला ह्यातलं एक अक्षर येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. तरी सगळ्यांनी उतरवून घेतलं. ह्या बाईंबद्दल आमच्या मनात जे आहे ते इथेच सांगून टाकतो. पगार पुस्तकापुरता होता, पण शिकवणं त्याहून पुष्कळ जास्त होतं.

लेखी परीक्षेत पाटकरी पास झाला, तोही बऱ्यापैकी. तोंडी परीक्षा यंत्रापुढे होती. कानाला एक टोपण लावायचं, यंत्र प्रश्न विचारणार, टुण्ण वाजलं की बोलायचं, पुन्हा टुण्ण वाजलं की गप्प बसायचं. पाटकरी ताठ बसला. कानात एक गोड आवाज आला आणि त्याने त्या भाषेत विचारलं, तुम्ही रोज सकाळी काय करता? टुण्ण वाजलं. पाटकऱ्याने मांडीवर हात दाबला आणि त्याच भाषेत, सावकाश, स्वच्छ म्हटलं, "तुम्ही रोज सकाळी काय करता. बरोबर?" आणि तो वाट बघत राहिला. यंत्र काही 'बरोबर' म्हणालं नाही. तो उत्तराची जुळवाजुळव करून तोंड उघडतो तोच टुण्ण वाजलं. पुढच्या प्रश्नाचं तेच, त्याच्या पुढच्याचंही तेच. शेवटी पडद्यावर लाल अक्षरं आली.

का नापास, ते यंत्र सांगत नाही. पाटकऱ्याला वाटलं, आपला उच्चार वाईट. कचेरीतला कारकून पहिल्या झटक्यात पास झाला होता. तो जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दिवसभर माशांशी बोलतोस, माणसांशी काय बोलणार!" चारजण हसले. पाटकरीही हसला, कारण दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

मग घरात उच्चारांचा सपाटा सुरू झाला. चाकाला वंगण घालताना, कठड्याला रंग देताना तो पुटपुटत राहायचा. बायको त्याच्या पुस्तकातून प्रश्न वाचायची. ती चारीत गवत कापायला येणाऱ्या बायांना पाणी द्यायची, त्यांच्याशी बसून बोलायची, त्यामुळे ती भाषा तिच्या तोंडात नवऱ्याआधी बसली होती. पण तिची परीक्षा घ्यायला कोण येणार? दुसऱ्यांदा तो परीक्षेला गेला तेव्हा त्याचे उच्चार असे घासूनपुसून लख्ख झाले होते की प्रश्न परत म्हणताना यंत्रातली बाई बोलतेय की हा, कळू नये. पुन्हा लाल अक्षरं आली.

त्यानंतर आठवडाभरात एक माणूस क्वार्टर बघायला आला. त्याला ह्या गेटवर यायचं होतं म्हणे. त्याने दोन्ही खोल्या पाहिल्या, खिडक्यांच्या काचा निरखल्या, न्हाणीघराचं दार दोनदा लावून उघडलं. बायको चुलीपाशी पाठ करून उभी होती.

"कोण आहे, सूनबाई?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मीटर बघायला आलेत, मामंजी."

"मीटर बाहेर आहे," म्हातारा म्हणाला. तिच्या हातातली काडी विझली. तो माणूसही भला होता, मान खाली घालून निघून गेला.

शिकवणीला बाईंनी पाटकऱ्याला थांबवून घेतलं. बाकीचे गेले. "लेखी एवढं चांगलं आणि तोंडी दोनदा नापास, हे होतं कसं? बसा इथे. मी यंत्र." त्यांनी त्या भाषेत प्रश्न विचारला आणि पेनाने बाक वाजवला.

पाटकऱ्याने प्रश्न परत म्हटला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"उत्तर द्या ना."

"बाई, तुम्ही 'बरोबर' कुठे म्हणालात?"

बाईंना आधी हसू फुटलं. मग त्याने किल्लीची सगळी हकीकत सांगितली, पुलाखालच्या माणसाचीही, तसं त्यांचं हसू गेलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, सगळा वेळ तुम्ही प्रश्न म्हणण्यात घालवता! यंत्राला वाटतं तुम्हाला काही येत नाही. प्रश्न आला की सरळ उत्तर. परत म्हणायचं नाही. एवढंच."

'एवढंच' म्हणणं सोपं होतं. पाटकरी घरी आला तो आनंदात, आजार कळला म्हणजे बरा होणारच ह्या भरवशावर. बायको प्रश्न विचारायची, तो ओठ आवळून धरायचा, गालाचे स्नायू उडायचे, कानशिलावर घाम यायचा आणि शेवटी प्रश्न तोंडातून निसटायचाच. मग तिने ओरडायला सुरुवात केली. "नाही! उत्तर!" दिवसभर घरात हेच. भाजी वाढू का विचारलं आणि तो 'भाजी...' म्हणाला की डाव ताटाबाहेर. आठ-दहा दिवसांत फरक पडायला लागला. विचारलं की फट्‌दिशी उत्तर. म्हातारा खाटेवर बसून हे सगळं ऐकत होता. त्याचा चेहरा काही खुलला नव्हता.

शेवटची पाळी सुरू झाली. दुपारी गेटपाशी फोन वाजला.

"बोला साहेब." पलीकडून साहेब बोलत राहिले. "हो साहेब," पाटकरी फट्‌दिशी म्हणाला, फोन खिशात टाकला आणि कुलूप काढून चाकाला हात घातला.

"काय म्हणाले?" कट्ट्यावरून म्हाताऱ्याचा आवाज आला.

पाटकरी थांबला. "गेट उचलायला सांगितलं."

"किती?"

"किती..." त्याला आठवेना.

"आणखी काय म्हणाले?"

तेवढ्यात खालून हसण्याचा आवाज आला. चारीच्या वळणाआड शेवटाकडच्या बाया विळ्यांनी गवत कापत होत्या, कमरेएवढ्या खोल चारीत वाकून, एकीच्या पाठीला मूल बांधलेलं. पाटकऱ्याचे हात चाकावरून गळून पडले. त्याने साहेबांना परत फोन लावला. साहेबांनी सांगितलं होतं ते असं, चारीतल्या बाया बाहेर निघाल्या की मग तीन बोटं उचल.

म्हातारा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो उठला, कठड्याला धरून घराकडे गेला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

संध्याकाळी पाटकऱ्याने पुस्तक दप्तरात घालून दप्तर माळ्यावर टाकलं. "परीक्षा गेली खड्ड्यात. मी परत म्हणणारच. गोदाम तर गोदाम."

"आणि मामंजी?" बायको हळू आवाजात म्हणाली. "तिथे चौथ्या मजल्यावर खोली मिळेल. तिथे कठडा कुठला आणि तार कुठली? खाटेवर बसवून ठेवायचं त्यांना? दोन महिन्यांत..." 

"मग काय करू? तिथे परत म्हटलं तर इथून जातो. इथे परत म्हटलं नाही तर कुणाचा तरी जीव जातो. तूच सांग!"

 तो चिडून आंघोळीला गेला. तो न्हाणीत शिरताना किल्ली घराच्या चौकटीवरच्या खिळ्याला अडकवायचा, ती त्याने अडकवली. बायको बाहेर तारेवरचे वाळलेले कपडे काढत होती.

"टॉवेल नेलात का?"

"विसरलो, दे ना."

"पाणी पुरेल का, आणखी तापवू?"

"पुरेल."

बायको तारेपाशी थबकली. ह्या दहा दिवसांच्या घोकंपट्टीचं हे नव्हे. हे तिने वर्षानुवर्षं ऐकलं होतं आणि तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. तिने खिळ्यावरची किल्ली पाहिली. "अहो, तुम्हाला साबण पुरतो का, पाठ चोळून देऊ का, उद्या भाजीला काय आणू, तुमची आई तुम्हाला काय म्हणायची?"

"वेड लागलंय का तुला?" आतून आवाज आला.

"लागलंय!" ती म्हणाली. ती तशीच आत गेली आणि म्हाताऱ्याच्या खाटेशी उकिडवी बसली. "मामंजी, किल्ली कमरेला नसली की ते परत म्हणत नाहीत. कधीच म्हणत नाहीत."

म्हाताऱ्याने कूस बदलली. "का म्हणेल? किल्ली नाही तर हुकूम कसला? ते नुसतं बोलणं."

"मग परीक्षेलाही ते किल्ली घेऊन गेले होते. दोन्ही वेळा."

म्हातारा उठून बसला.

परीक्षेचा दिवस भर पाळीत येत होता आणि ह्या खेपेला गेट कुलूप लावून सोडून जाणं शक्य नव्हतं. शेवटाकडच्या गावांचं वर्षाचं शेवटचं पाणी वाहत होतं. पाटकऱ्याने साहेबांना फोन केला आणि त्या दिवशी बाबांनी गेट सांभाळलं तर चालेल का, असं चाचरत विचारलं.  साहेब ह्या पाटावर नवे लागले तेव्हा त्यांना पाण्याचा आवाज ऐकायला म्हाताऱ्याने शिकवलं होतं.

"बाबांकडे किल्ली दे," साहेब म्हणाले. "कुणी विचारलं तर मी सांगितलंय म्हण."

"किल्ली बाबांकडे द्यायची. कुणी विचारलं तर साहेबांनी सांगितलंय म्हणायचं. बरोबर?"

"बरोबर रे बाबा, बरोबर."

त्या दिवशी म्हातारा उजाडायच्या आधीच दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसला होता. पाटकऱ्याने त्याच्यासमोर उभं राहून गेट कुठे आहे, पाणी किती आहे ते सांगितलं. म्हाताऱ्याने पुरं परत म्हटलं. "बरोबर," पाटकरी म्हणाला आणि बापाच्या कमरेला किल्लीची सुतळी बांधली, खिशात फोन सरकवला. म्हाताऱ्याने किल्लीवर तळहात ठेवला. इतक्या वर्षांत त्याची पाठ एवढी ताठ कुणी पाहिली नव्हती. पाटकरी बसकडे निघाला तेव्हा त्याचा हात चालताना सारखा कमरेकडे जात होता आणि रिकामा परत येत होता.

यंत्रापुढे तो बसला. टोपण कानाला लावलं. गोड आवाजाने विचारलं, तुम्ही रोज सकाळी काय करता? टुण्ण. पाटकऱ्याच्या हाताने कमर चाचपली. काही नव्हतं. आणि तो बोलायला लागला. उठतो, पाणी बघतो, चहा घेतो, बायकोशी भांडतो. तो मोडकंतोडकं बोलत होता, मधे अडखळत होता, पण थांबत नव्हता. हॉटेलात त्याने खोली मागितली. अध्यक्षांना शुभेच्छा दिल्या. शेवटचा प्रश्न आला, तुम्हाला ज्याच्याबद्दल आदर वाटतो अशा एका माणसाविषयी सांगा.

ह्याचं उत्तर पुस्तकात होतं. कुणा थोर पुढाऱ्यावर पाच वाक्यं होती आणि ती त्याला पाठही होती. टुण्ण वाजलं आणि ती पाच वाक्यं पार पळून गेली. उरले ते फळ्यावरचे शब्द. त्या भाषेत त्याला जेवढं येत होतं तेवढ्यात तो म्हणाला, "माझे वडील. त्यांना दिसत नाही. त्यांनी जन्मभर पाणी राखलं. त्यांच्या हातून कुणी वाहून गेलं नाही. मला त्यांच्यासारखं व्हायचं आहे. अजून झालो नाही."

पडद्यावर हिरवी अक्षरं आली. बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी ती त्याच्याआधी वाचली आणि पटकन खिडकीकडे वळल्या, डोळे पुसायला.

ऊन उतरताना तो घरी पोचला. म्हातारा कट्ट्यावर बसला होता, बायको चाकाशेजारी उभी. नवऱ्याचा चेहरा लांबूनच पाहून तिने पदर तोंडाला लावला. मग तिला बोलायचा धीर आला आणि तिने एका दमात सगळं सांगितलं. दुपारी साहेबांचा फोन आला, मामंजींनी हुकूम पुरा परत म्हटला, तिने चारीवर जाऊन त्या भाषेत 'पाणी सोडतोय, बाजूला व्हा' म्हणून हाक दिली, सगळ्या बाया वर आल्या, मग मामंजींनी कुलूप काढलं आणि दोघांनी मिळून चाक फिरवलं. "आणि सकाळपासून मला नुसता वैताग! चहा घेता का विचारलं तर म्हणतात, चहा घ्यायचा, बरोबर?"

"मग? म्हणायला नको?" म्हातारा म्हणाला. "झालास का पास?"

"झालो, बाबा."

"झालास," म्हाताऱ्याने परत म्हटलं आणि घटकाभर कठड्यावरून हात फिरवत राहिला. "काय विचारलं?"

"पुष्कळ विचारलं. शेवटी विचारलं, आदर वाटतो अशा माणसाविषयी सांगा."

"कुणाचं सांगितलंस?"

पाटकऱ्याने पाण्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. आपल्या भाषेत ते त्याच्या तोंडातून निघेना. बापाला असं कधी कुणी बोललं नव्हतं, म्हातारा त्याच्या बापाला नाही आणि पाटकरी म्हाताऱ्याला नाही. शेवटी तो बापासमोर सरळ उभा राहिला आणि यंत्रापुढे बोलला होता ते त्या दुसऱ्या भाषेत, तसंच्या तसं बोलला. बायकोला सगळं कळलं. ती चाकाला धरून उभी राहिली.

म्हाताऱ्याला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण किल्ली त्याच्या कमरेला होती. त्याने मान कलती करून शेवटपर्यंत ऐकलं, किल्लीवर हात ठेवला आणि त्या परक्या भाषेतला एक एक शब्द सावकाश, न गाळता परत म्हणायला लागला. वडील, दिसत नाही, जन्मभर पाणी, कुणी वाहून गेलं नाही. त्याचा जाडा आवाज पाण्यावरून जात होता. चारीच्या काठावर शेवटाकडच्या बाया विळे धूत होत्या. त्यांचे हात थांबले आणि त्या वळून ह्या म्हाताऱ्याकडे बघत राहिल्या.

"अजून झालो नाही," असं त्या भाषेत म्हणून म्हातारा थांबला. "बरोबर?"

पाटकऱ्याने नुसती मान हलवली.

"अरे, बोल की. मला काय ठाऊक काय होतं ते. पण पुरं म्हटलं ना मी? बरोबर का?"

"बरोबर, बाबा," पाटकरी म्हणाला.

"मग ये असा जवळ," म्हातारा म्हणाला आणि कमरेच्या सुतळीची गाठ सोडू लागला.